निघूला कोण हाक मारतं

१२ फेब्रुवारी

छोट्या,

पाकिटावर ‘निघूचे चित्रकार’ एवढंच लिहिलंय आणि खाली तुमच्या वर्तमानपत्राचा पत्ता. पत्र दुसऱ्या कुणाच्या हाती पडलं असेल तर त्यांनी पुढचं वाचू नये. आणि निघूचा चित्रकार माझा भाऊ नसेल, तर माफ करा, एका बाईचा गैरसमज झाला म्हणा आणि कागद फेकून द्या.

पण तूच आहेस.

पेपराच्या शेवटून दुसऱ्या पानावर त्या चार चौकटी येतात. बटाट्यासारखं बुटकं ध्यान, सहा हात, एक कान मुडपलेला, गळ्यात बॅग. रोज दाराशी येतं, ‘निघालेच हं!’ म्हणतं, आणि रोज आतून कुणीतरी ‘अगं’ म्हणून हाक मारतं. कधी कुणाचं बटण तुटलेलं असतं, कधी दूध उतू जात असतं. शेवटच्या चौकटीत बॅग खुंटीवर आणि सहाही हात कामाला. मी इतरांसारखीच हसत होते. मग एकदा त्या बॅगेकडे नीट पाहिलं. तिचा एक बंद तुटलाय आणि त्याजागी बुटाची नाडी बांधलीय. अशी बॅग जगात एकच आहे आणि ती माझ्या कपाटावर पडून आहे. नाडी तुझ्या शाळेच्या बुटाची.

एवढ्या वर्षांत तुझी दोनच कार्डं आली, दोन्हींवर पत्ता नाही. तुला इथलं काहीच माहीत नसणार, म्हणून सांगते. तू गेल्यावर दोन वर्षांनी बाबांना झटका आला. डावी बाजू गेली, उजव्या हातातही जोर उरला नाही. जीभ शाबूत आहे, चांगलीच शाबूत आहे. अख्खा जन्म बस चालवली, आता खाटेवरून खिडकी दिसते तेवढाच रस्ता. सकाळी मी पेपर धरते आणि ते वाचतात. आधी निघू, मग बातम्या. अर्ध्या तोंडाने इतके हसतात की चहा उशीवर सांडतो. परवा म्हणाले, ‘‘काय मूर्ख आहे बघ. एकदा सरळ दार ओढून घ्यावं आणि सुटावं की नाही?’’

मी म्हटलं, ‘‘हो ना.’’

चित्रं तुझी आहेत हे त्यांना ठाऊक नाही. मी सांगितलेलं नाही.

उत्तर दे, पाकिटामागे दुकानाचा पत्ता आहे त्यावर. नाही दिलंस तरी मी रोज वाचतेच आहे.

ताई


३ मार्च

छोट्या,

तुझं पत्र दुकानाच्या पत्त्यावर मागवलं हे बरं केलं. घरी आलं असतं तर बाबांनी पाकिटावरूनच ओळखलं असतं. तुझं अक्षर अजून तसंच आहे, घाईघाईने जिना उतरल्यासारखं.

तर निघू टीव्हीवर येणार. मला आधी खरं वाटेना. एका हॉलमध्ये तीस माणसं बसून तिला काढतात, त्यातला एक तर नुसती बॅगच काढतो, हे वाचून मी दुकानात मोठ्याने हसले आणि समोरच्या गिऱ्हाइकाला वाटलं त्याच्या नाकाला हसले. निघूला आवाज कुणाचा देणार? बारीक नको देऊस. ती थकलेली असते.

दुकान म्हणजे चष्म्याचं. मी अर्धा दिवस जाते. काचा घासून फ्रेमला बसवणं, सैल दांड्या आवळणं, नंबर तपासणं, सगळं करते. सकाळी बाबांचं अंग पुसून, कपडे बदलून, भरवून निघते. दुपारपर्यंत समोरच्या वहिनी दोनदा डोकावून जातात. त्यांचा जीव टांगणीला असतो आणि माझाही. जेवायच्या वेळेला मी परत. त्यानंतर बाहेर पडणं नाही. कामाला बाई ठेव असं तू लिहितोस. चार ठेवून झाल्या. एक त्यांना पहिल्याच दिवशी ‘आजोबा’ म्हणाली, तिला उभ्या उभ्या घालवली. एकीला म्हणाले, तू गिअर बदलल्यासारखी चमचा तोंडात घालतेस. उरलेल्या दोघी का गेल्या ते विचारायची मला सोय नव्हती.

मी का गेले नाही, असं तू विचारलंयस. ते राहू दे.

आमच्या मालकीणबाई दुसऱ्या गावी दुकान उघडतायत. मोठं आहे, वर राहायला खोली आहे. ‘तूच चालव,’ म्हणाल्या. सहज सांगितलं, बाकी काही नाही.

तुझी खरी अडचण कळली. पेपरात आतून नुसती हाक आली तरी भागायचं. टीव्हीवाले म्हणतात आत कोण बसलंय ते दाखवा, मुलं विचारतील. आणि तू लिहितोस, ‘आता एकदाचं बाबांना काढतोच.’

घाई करू नकोस.

ताई


२० मार्च

छोट्या,

तू पाठवलेली चित्रं मी दुकानाच्या मागच्या खोलीत, काचा घासायच्या मशीनपाशी बसून पाहिली. मिशा, डोक्यावर ड्रायव्हरची टोपी, एका हातात घंटा, दुसऱ्या हातात घड्याळ. तोंड एवढं उघडं की आतली पडजीभ दिसावी. चांगलं काढलंयस. लोक खूप हसतील. मी मात्र कागद उलटे करून ठेवले.

हा माणूस आता या घरात नाही. होता, मी नाही म्हणत नाही. तुला डेपोत चिकटवला, तू पहिल्या दिवशी डबा घेऊन कामाला गेलास तो आलाच नाहीस. तेव्हा ते दारात उभे राहून संबंध आळीला ऐकू जाईल असं बोलले होते. तुझ्या मनात तोच आवाज राहिलाय. साहजिक आहे. पण आत्ता त्या खाटेवर जो आहे त्याला कूस बदलायची तर मला हाक मारावी लागते. नाकावर माशी बसली तर हाक मारावी लागते. हाक मारली की लाजतो, लाज वाटली की ओरडतो. त्याच्या हातात घंटा देऊन तू साऱ्या देशाला हसवणार का?

मी त्यांची बाजू घेतेय असं समजू नकोस. कधी कधी मी स्वयंपाकघरात भांडी उगाच आपटते. कधी हाक ऐकूनही पाच मिनिटं तशीच उभी राहते, मग माझाच मला राग येतो. खिडकीला गज आहेत ना, त्यांच्या सावल्या दुपारी जमिनीवर पडतात आणि मी त्या न तुडवता चालते. अशी खुळी सवय लागलीय. तुला सांगितलं म्हणून चित्रात घालू नकोस.

मालकीणबाईंनी पुन्हा विचारलं. मी म्हटलं, बघते. त्या म्हणाल्या, ‘‘तू गेली सहा वर्षं बघतेच आहेस. तुझाच नंबर तपासायला हवा.’’

ती घंटा काढून टाक.

ताई


९ एप्रिल

छोट्या,

तू चिडलायस. ‘त्यांनी तुझं आयुष्य खाल्लं आणि तू त्यांचीच वकिली करतेस,’ असं लिहिलंयस. शिवाय मुलाखतीत सांगितलंस की निघूचा जन्म एका हुकूमशहाच्या घरात झाला. पेपरात छापून आलंय. बाबांनी वाचलं. म्हणाले, ‘‘असतात असे बाप.’’ तुझं नाव न छापता नुसतं ‘निघूचे जनक’ छापलंय हे नशीब.

आता जन्माची गोष्ट निघालीच आहे तर नीट होऊ दे. निघूचा जन्म झाला तेव्हा मी तिथे होते.

आई जाऊन वर्ष होत आलं होतं. मला डोळे तपासायच्या कोर्सला प्रवेश मिळाला होता, दुसऱ्या शहरात. बाबांनी फी भरली होती, हे तुला माहीत नसेल. ते ड्यूटीवर होते. समोरच्या वहिनी तुझं करणार होत्या, तेव्हा त्या नव्या नवरी होत्या. मी बॅग घेऊन उंबऱ्यापाशी आले. बंद तुटला, म्हणून तुझ्या जुन्या बुटाची नाडी बांधली. आणि आतून हाक आली.

ती हाक बाबांची नव्हती, छोट्या. तुझी होती.

‘‘ताई, माझा दुसरा मोजा सापडत नाही.’’

तू टेबलाखाली बसला होतास. एका पायात मोजा, दुसरा पाय उघडा. मी खाटेखाली पाहिलं, कपाटात पाहिलं, बादलीत पाहिलं. मोजा तुझ्या शर्टाच्या आत होता. मला दिसत होतं. पोट असं एका बाजूने फुगलेलं आणि तू दोन्ही हातांनी झाकून घेतलेलं. तरी मी सगळं घर शोधत राहिले, आणि गाडीची वेळ गेली. मग मी बॅग खुंटीला लावली आणि तुला दूध गरम करून दिलं.

संध्याकाळी बाबांच्या ड्यूटीच्या कागदामागे तू एक चित्र काढून मला दिलंस. सहा हातांचं बुटकं ध्यान. एका हातात झाडू, एकात कपबशी, एकात मोजा. गळ्यात बॅग. ‘‘ताई, ही तू,’’ म्हणालास. मी खूप हसले. तू मला हसवायलाच काढलं होतंस, आणि माझ्याकडे बघत राहिला होतास, हसते की नाही म्हणून.

तुझ्यावर राग धरून हे लिहीत नाहीये. नऊ वर्षांचं पोर, आई नुकती गेलेली, ताईही चालली. त्याने मोजा नाही लपवायचा तर काय करायचं? पण तू लोकांना सांगतोस की आत हुकूमशहा होता. आत तू होतास. पुढे बाकीचं सगळं आलं, तुझी शाळा, मग तुझं जाणं, मग त्यांचं आजारपण. पहिली हाक मात्र ती.

आता काय काढायचं ते तू ठरव.

ताई


३० एप्रिल

छोट्या,

उत्तर नाही. मी लिहायला नको होतं का?

आज मालकीणबाईंना नाही म्हणून सांगितलं. त्यांनी दुकानातल्या दुसऱ्या मुलाला पाठवलं. तो आनंदाने गेला, मी त्याला त्याच्या फ्रेमा खोक्यात भरून दिल्या, दुकानाच्या दारापर्यंत सोडायलाही गेले.

घरी आले तर बाबा म्हणाले, ‘‘चेहरा का असा?’’ मी म्हटलं, ऊन लागलं. त्यांनी पेपर समोर धरायला लावला. आज निघू उडत्या फुग्याला बॅग बांधून खिडकीतून जायला बघते आणि गजांत अडकते. बाबा हसता हसता थांबले. म्हणाले, ‘‘आजचं काही बरं नाही.’’

तू गज चित्रात घातलेसच.

ताई


१५ मे

छोट्या,

काल पाहिलं.

वहिनींनी त्यांचा टीव्ही बाबांच्या खोलीत आणून लावला. त्यांच्या घरची सगळी जमली होती. निघू चालायला लागली तेव्हा मला कसंसंच झालं. चालताना ती डावीकडे झुकते. मीही झुकते का? आवाज छान दिलाय, थकलेला आहे.

ती दाराशी आली, ‘निघालेच हं,’ म्हणाली. मी ‘अगं’ ऐकायच्या तयारीत होते. आतून पोराचा आवाज आला, ‘‘ताई.’’ मग चित्र आत गेलं. टेबल. टेबलाखाली पोरगं, गुडघे वर, एकाच पायात मोजा, शर्ट एका बाजूने फुगलेला.

सगळे हसले. बाबा हसले नाहीत. म्हणाले, आवाज बंद करा. मग सगळ्यांना घरी जायला सांगितलं, कार्यक्रम चालू असताना. वहिनी रागावल्या, पण गेल्या. ते मुक्या चित्राकडे बघत राहिले. संपल्यावर म्हणाले,

‘‘हा छोट्या आहे.’’

मी टीव्ही बंद केला.

‘‘मोजा पोटाशी आहे त्याच्या. त्या दिवशी ड्यूटीवरून आलो, तो झोपला होता. शर्ट बदलायला गेलो तर आतून मोजा पडला. आणि तुझी बॅग खुंटीला.’’

मला ठाऊक नव्हतं की त्यांना ठाऊक होतं. इतक्या वर्षांत एका शब्दाने बोलले नाहीत. मी विचारलं, मग तेव्हा मला काही म्हणाला का नाहीत?

त्यांनी आधी पाणी मागितलं, दोन घोट घेतले. मग म्हणाले, ‘‘दुसऱ्या दिवशी तुला गाडीत बसवून देता आलं असतं. माझीच बस जायची स्टेशनवर. पण घरात दिवा दिसला, जेवण तयार होतं. मला बरं वाटलं. म्हणून नाही बोललो.’’

आणि मग माझ्याकडे पाहत म्हणाले, ‘‘म्हणजे ती सहा हातांची...’’ वाक्य पुरं केलं नाही. रोज ज्या बाईला मूर्ख म्हणत होते ती कोण, हे त्यांना तेव्हा कळलं. मान भिंतीकडे वळवली. तेवढी त्यांना स्वतःला वळवता येते.

तुझ्या पत्रात दोनच ओळी होत्या, ‘घंटा काढून टाकली. बघ म्हणजे कळेल.’ कळलं रे. मी रडले नाही, पण टीव्ही परत नेताना माझ्या हातून वहिनींच्या दारावर आपटला. अजून चालतोय.

ताई


२३ मे

छोट्या,

घडलं ते जसंच्या तसं सांगते.

परवा सकाळपासून घरात हाक नाही. मी आधी खूश. भांडी झाली, कपडे झाले, चहासुद्धा बसून प्याले. मग एकदम लक्षात आलं की फार शांत आहे. हातातलं टाकून धावत आत गेले. माझ्या मनात काय आलं असेल ते तूच ओळख.

बाबा जागे होते. दात घट्ट आवळलेले. चादर ओली, पाण्याचा ग्लास हातात धरवेना म्हणून खाली पडलेला. कधीपासून तसे पडून होते कोण जाणे.

मी ओरडले, ‘‘हाक का नाही मारलीत?’’

‘‘सराव करतोय,’’ म्हणाले.

‘‘कसला सराव?’’

‘‘तू नसण्याचा.’’

मी खूप बोलले त्यांना. नको ते बोलले. बोलत बोलतच चादर बदलली, अंग पुसलं, पाठीला पावडर लावली.  शेवटी म्हणाले, ‘‘झालं बोलून? आता तुझ्या मालकीणबाईंना विचार, ती जागा आहे का अजून.’’ वहिनींनी सांगितलं असणार. मी या घरात काही लपवू शकते असं उगीच समजत होते.

तो मुलगा चार दिवसांत परत आलाय, एकटं करमेना म्हणून. जागा रिकामी आहे. मी हो म्हटलं. एक तारखेला जायचंय.

तेव्हा आता तू ये. तू लिहितोस की स्टुडिओ तुला सोडत नाही, दर आठवड्याला नवा भाग लागतो, निघूने कधीच घर सोडायचं नाही असं करारातच आहे. ते असू दे. कागद इथेही मिळतो आणि टेबल तेच आहे. निदान तीन महिने ये. एक नवीन बाई पाहिलीय, तगडी आहे, बाबांना उलट बोलते, त्यांना आवडलेलं दिसतं. ती दिवसभर राहील. तिच्या वेळेनंतर तू. पाणी कोमट द्यायचं, घोट घोट, मान उजवीकडे करून. चिडले तर चिडू द्यायचं.

तुला बोलावू का, असं मी बाबांना विचारलं. म्हणाले, ‘‘मी सांगतो ते लिही. तुझ्या कार्टूनमध्ये बस दाखवलीय, तिचा दरवाजा ड्रायव्हरच्या बाजूला काढलायस. सगळी माणसं भर रस्त्यात उतरतील आणि मरतील. येऊन नीट समजून घे.’’

जसं सांगितलं तसं लिहिलंय. यापेक्षा गोड बोलणं त्यांच्याकडून मिळणार नाही. नाही आलास तरी मी जाणार आहे, हे मात्र धरून चाल.

ताई


१८ जून

छोट्या,

घरून आलेलं तुझं पत्र वाचून हसू आलं, रागावू नकोस. चित्रांची गुंडाळी काखेत मारून तू तीनदा दारापर्यंत गेलास आणि तीनदा हाक आली, आणि तिसऱ्यांदा नुसती उशी सरळ करायची होती! तुमचे निर्माते ताबडतोब या सगळ्याचा भाग करा म्हणाले, यात मला काही आश्चर्य वाटलं नाही. निघूला पुढच्या वर्षीचंही काम मिळालं म्हणतोस. बिचारी.

बाबा तुझ्याशी बोलत नाहीत, फक्त चुका काढतात, असं लिहिलंयस. ते बोलणंच आहे. बसचा दरवाजा दुरुस्त केलास ते त्यांनी मला वहिनींच्या फोनवरून स्वतः सांगितलं. शेवटी म्हणाले, ‘‘पोराचा हात चांगला आहे.’’ तुला सांगू नको म्हणाले होते.

इथलं सांगते. दुकान रस्त्याच्या कोपऱ्यावर आहे, दोन्ही बाजूंनी उजेड. गिऱ्हाईक अजून बेताचं. वरच्या खोलीला एक खिडकी, गज नाहीत. पहिले काही दिवस फार वाईट गेले. दर थोड्या वेळाने मी उठून उभी राहायचे आणि कशाला उठले ते आठवायचं नाही. रस्त्यात कुणी ‘अगं’ म्हटलं की माझी मान वळायची. वाटायचं, इथेही मी कोंडलेलीच आहे, फक्त खोली बदलली. एकदा बॅग भरली होती, खोटं कशाला सांगू. परत यायला. मग खाली गिऱ्हाईक आलं, एक म्हातारी होती, पहिल्यांदाच चष्मा घालत होती. तिने चष्मा लावून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, तू एवढी तरुण आहेस होय. तिचा नंबर बरोबर होता, मी दोनदा तपासला.

काल दुकान बंद करून वर आले. ताट वाढून घेतलं आणि बसले. खाली कुणाचं तरी पोर रडत होतं, कुठे तरी दार वाजलं. एकाएकी मला रडू फुटलं, कशाचं ते सांगता येणार नाही. घास तोंडात तसाच. बराच वेळ रडत होते.

पण ताटावरून उठले नाही. सगळं जेवले.

ताई